वेलिगामाला पहिल्यांदा जाताय? आधी पाणी ठरवा, मग खोली

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर गॉलपासून मातारापर्यंतचं अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्यातच कोग्गला, अहंगामा, मिडिगामा, वेलिगामा आणि मिरिस्सा ही गावं एकाला एक लागून येतात. सर्फिंग शिकायला जगभरातून लोक इथे येतात, आणि त्यांच्यासाठी सात-आठ किंवा दहा-बारा खोल्यांची देखणी 'बुटीक' हॉटेलं गेल्या काही वर्षांत भराभर उभी राहिली आहेत. मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे, अडीच तासांत पोचवतं. त्यामुळे ओळखीतले बरेच जण आता इकडे निघू लागलेत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हॉटेल कुठलं घेऊ?

माझं उत्तर ऐकून काहींचा हिरमोड होतो, कारण मी उलट विचारते, की सकाळी सहा वाजता तुम्हाला कुठल्या पाण्यात उभं राहायचंय? वेलिगामाची लाट आणि तिथून दहा मिनिटांवरच्या मिडिगामाची लाट यांत शिकाऊ माणसासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. फोटोतला तरणतलाव बघून खोली घेतली, तर सुट्टी रिक्षात जाते. म्हणून खालच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने लिहिल्यात, त्याच क्रमाने घ्या.

१. महिना ठरवा

दक्षिण किनाऱ्याचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. या काळात वारा बहुतेक वेळा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याने लाटा नीट उभ्या राहतात आणि सकाळचं पाणी गुळगुळीत असतं. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस. तेव्हा समुद्र ढवळलेला, पाणी गढूळ, वारा उलटा. वेलिगामाच्या उपसागरात तेव्हाही थोडीफार लाट मिळते आणि खोल्या स्वस्त असतात, पण पहिल्यांदा शिकणाऱ्याने त्या स्वस्ताईला भुलू नये. आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीतच जायचं असेल, तर पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बेचा विचार करा. तिथला हंगाम एप्रिलअखेर सुरू होऊन सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चालतो. मात्र कोलंबोपासून तो प्रवास बराच लांबचा आहे.

नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळता आला तर टाळाच. दर चढलेले असतात, किमान चार-पाच रात्रींची अट असते, आणि पाण्यात बोर्डाला बोर्ड लागतो. मला जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी सगळ्यात आवडतात.

पौर्णिमेची तारीखही बघून ठेवा. श्रीलंकेत दर पौर्णिमेला, म्हणजे 'पोया'ला, सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी दारूविक्री बंद असते आणि रेल्वे-बसला गर्दी उसळते. प्रवासाचा दिवस पोयाला येऊ देऊ नका.

२. कागदपत्रं

यात अवघड काही नाही, पण काहीतरी सुटतंच:

- पासपोर्ट, पोचल्यापासून किमान सहा महिने वैध
- ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी. पर्यटकाला ती ३० दिवसांची मिळते
- परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचं बुकिंग, दोन्ही छापून
- प्रवास विमा, सर्फिंग धरून
- स्कूटर चालवायची असेल तर भारतातला परवाना आणि आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना
- या सगळ्याच्या प्रती फोनमध्ये, आणि सोबतच्या एकाच्या फोनमध्येही

ईटीए काढताना एक सापळा आहे. गूगलवर शोधलं की सरकारी वाटणारी बरीच खासगी संकेतस्थळं वर येतात आणि तेच काम दुप्पट-तिप्पट पैशांत करून देतात. सरकारी पत्ता ईटीए डॉट जीओव्ही डॉट एलके हा आहे, तो स्वतः टाइप करा. भारतीयांसाठीचं शुल्क आणि सवलती गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलल्यात, तेव्हा मित्राने मागच्या वर्षी किती भरले यावर जाऊ नका. तिकीट काढाल त्या दिवशी तिथेच बघा.

विम्याची पुस्तिका उघडून 'साहसी खेळ' आणि 'जलक्रीडा' हे शब्द शोधा. पुष्कळ स्वस्त पॉलिसींमध्ये सर्फिंग वगळलेलं असतं. थोडा जास्त हप्ता भरून ते घालून घ्या. इथे पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

३. पाणी ठरवा

आता खरा निर्णय. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाऊ.

अहंगामा आणि लगतचं कबलाना. सध्या सगळ्यात चर्चेत असलेला भाग. नवी बुटीक हॉटेलं, कॉफीची दुकानं, लॅपटॉप घेऊन महिनाभर राहणारी मंडळी. कबलानाला पुळण आहे, तिथे शांत दिवशी शिकता येतं; पण लाट जोरकस असते आणि खडकावर फुटणाऱ्या जागा सरावलेल्यांच्याच आहेत.

मिडिगामा. इथे लाटा खडकाळ, प्रवाळाच्या तळावर फुटतात. 'लेझी लेफ्ट', 'लेझी राइट', 'कोकोनट्स', 'रॅम्स' ही त्या जागांची नावं. रॅम्स तर उथळ खडकावरची लाट आहे, नवख्याने ती किनाऱ्यावर बसून बघावी. लेझी लेफ्टला मध्यम सरावाची माणसं जातात. पहिल्या आठवड्यात इथे मुक्काम करू नका.

वेलिगामा. लांबलचक अर्धचंद्राकृती उपसागर, तळाला वाळू, लाट साधारण कमरेएवढी आणि हळू येणारी. पडलात तर खाली वाळूच लागते. शिकणाऱ्यासाठी श्रीलंकेत याहून सोयीची जागा मला माहीत नाही. गावात बाजार आहे, बस स्थानक आहे, रेल्वे स्टेशनपासून किनारा चालत गाठता येतो. किनाऱ्यालगत टॅप्रोबेन नावाचं चिमुकलं बेट आहे. १९२०च्या दशकात काउंट द मोनी याने त्यावर बंगला बांधला. आता तो खासगी व्हिला आहे. उणीव एकच: गर्दी. सकाळी नऊनंतर पाण्यात शिकाऊंची जत्रा असते.

मिरिस्सा. वेलिगामाच्या पुढे सहा-सात किलोमीटर. पोहायला, संध्याकाळी वाळूवर जेवायला आणि निळे देवमासे बघायला जाणाऱ्यांचं गाव. सर्फिंग आहे, पण खडकावर.

हिरिकेटिया. मातारा ओलांडून डिकवेलाजवळ, घोड्याच्या नालेसारखा छोटा उपसागर. आतल्या बाजूला शिकाऊंना लाट मिळते, बाहेर सरावलेल्यांना. सुंदर आहे, पण इवलंसं आहे. हंगामात फार दाटी होते.

थोडक्यात, घरातलं कोणीही पहिल्यांदा बोर्डावर उभं राहणार असेल तर मुक्काम वेलिगामात, किंवा वेलिगामा आणि मिरिस्साच्या मधल्या भागात. निम्म्या मंडळींना नुसतं निवांत बसायचं असेल तर अहंगामा, आणि शिकायला सकाळी रिक्षाने वेलिगामा.

मुंबईकरांसाठी एक गोष्ट. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, श्रीलंकेत तो एक मीटरही नसतो. ओहोटीला समुद्र अर्धा किलोमीटर आत गेला, असं इथे होत नाही. तरी भरतीला वेलिगामाची पुळण अरुंद होते आणि खडकाळ जागी अर्ध्या मीटरनेही पाण्याचा स्वभाव बदलतो, म्हणून शिकवणाऱ्याला रोजची वेळ विचाराच.

४. मग खोली

श्रीलंकेच्या पर्यटन विकास प्राधिकरणाकडे बुटीक हॉटेल, बुटीक व्हिला, गेस्ट हाऊस, होमस्टे असे नोंदणीचे वेगवेगळे वर्ग आहेत. बुकिंगच्या संकेतस्थळांवर मात्र सिमेंटची भिंत, वेताचा दिवा आणि केळीचं झाड दिसलं की जागा 'बुटीक' होते. चांगल्या आणि नुसत्या दिखाऊ जागेतला फरक ओळखता येतो, थोडं बारकाईने बघायला हवं.

या किनाऱ्यावरच्या चांगल्या हॉटेलांवर जेफ्री बावा या वास्तुकाराची छाप आहे. बावा १९१९ ते २००३ या काळातले; बेंटोटाजवळची लुनुगंगा ही त्यांची बाग आणि गॉलचं लाइटहाऊस हॉटेल ही त्यांची कामं आजही बघता येतात. मधोमध अंगण, खोल पडवी, उतरतं कौलारू छप्पर, समोरासमोर उघडणारी दारं-खिडक्या. असं घर बांधलं की वारा आरपार जातो आणि एसी लावायची गरज दुपारीच पडते. कोकणातल्या चौसोपी घरात राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून फोटो बघताना पलंगावरची फुलं सोडा, समोरासमोरच्या खिडक्या शोधा. एकाच बाजूला काचेची भिंत आणि तीही पश्चिमेला असेल, तर ती खोली संध्याकाळी चारला भट्टी होते.

न्हाणीघर बरेचदा अर्धं उघडं असतं: वर आकाश, कोपऱ्यात फर्नची झाडं, पायाखाली गोटे. अंघोळीला फार छान वाटतं. पण रात्री दिवा लावला की पतंग येतात, त्यांच्यामागे पाली येतात, आणि पावसाची सर आली की टॉवेल भिजतो. घरात कोणाला पालीची भीती असेल, तर बंद न्हाणीघराची खोली मागा. बहुतेक ठिकाणी एखाद-दुसरी असते.

आता रस्ता. कोलंबो-गॉल-मातारा हा ए-२ महामार्ग या गावांमधून अगदी समुद्राला खेटून जातो आणि रेल्वेचा रूळही जवळून धावतो. खासगी बस पहाटेपासून कर्णा वाजवत सुटतात. त्यामुळे 'समुद्रदर्शन' लिहिलेल्या खोलीच्या आणि समुद्राच्या मध्ये महामार्ग असू शकतो. नकाशा उपग्रहचित्रावर टाका आणि हॉटेल रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला आहे की जमिनीकडच्या, ते बघा. माझी पसंती जमिनीकडे दोन-तीनशे मीटर आत, नारळाच्या बागेत किंवा भातशेताच्या कडेला. तिथे रात्री बेडूक ऐकू येतात, दर कमी असतो आणि पाच मिनिटांत वाळूवर पोचता येतं.

बुकिंग करण्याआधी हॉटेलला व्हॉट्सअ‍ॅपवर हे प्रश्न विचारा. उत्तरं तुटक किंवा टोलवाटोलवीची आली तर दुसरं बघा.

- शेजारी बांधकाम चालू आहे का? अहंगामाला हा प्रश्न सगळ्यात आधी.
- मुलं चालतात का? पुष्कळ बुटीक जागा फक्त मोठ्यांसाठी असतात, किंवा अमुक वयाखालची मुलं घेत नाहीत.
- खोलीला जिने किती? लिफ्ट बहुधा नसते. आई-बाबा सोबत असतील तर तळमजला लिहून घ्या.
- वीज गेली तर जनरेटर एसीला पुरतो, की फक्त दिवे-पंख्यांना?
- बोर्ड ठेवायला, ओले कपडे वाळवायला आणि बाहेर अंग धुवायला जागा आहे का?
- सांगितलेला दर सगळे कर धरून आहे का?

शेवटच्या प्रश्नावर अडून बसा. डॉलरमधल्या दरापुढे अधिकची दोन चिन्हं दिसली, तर त्याचा अर्थ १० टक्के सेवाशुल्क आणि कर वेगळे. व्हॅटच १८ टक्के आहे. शंभर डॉलरची खोली बिलावर १३० च्या आसपास जाते, आणि तिथल्या जेवणालाही हाच हिशेब लागतो. काही ठिकाणी कार्डाने पैसे दिले की वर दोन-तीन टक्के घेतात, तेही आधी विचारा. थेट हॉटेलशी बोलून घेतलेला दर संकेतस्थळापेक्षा बरेचदा कमी पडतो, नाही तर निदान न्याहारी किंवा विमानतळाची गाडी पदरात पडते.

परीक्षणं वाचताना फक्त गेल्या तीन महिन्यांतली वाचा आणि तुमच्याच हंगामातली निवडा. जुलैत राहून गेलेल्याला फेब्रुवारीतल्या गर्दीची कल्पना नसते.

पहिल्या खेपेला सगळ्या रात्री एकाच जागी घेऊ नका. तीन रात्री घ्या आणि पुढच्या तिथे गेल्यावर, खोली डोळ्यांनी बघून ठरवा. नाताळचा आठवडा सोडला तर जागा मिळते.

५. विमानतळाहून खाली

बंडारनायके विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला कटुनायके इथे आहे. वेलिगामा तिथून साधारण १८० किलोमीटर. द्रुतगती मार्ग जोडलेले आहेत, कोलंबो शहरात शिरावं लागत नाही. दक्षिण द्रुतगती मार्गावर कोकमाडुवाला बाहेर पडायचं. गाडीने अडीच-तीन तास धरा. टोल भाड्यात धरलाय का, ते निघण्याआधी विचारा.

विमान रात्री उशिरा उतरणार असेल तर तडक निघू नका. विमानतळाजवळ नेगोंबोला झोपा आणि सकाळी निघा. आल्याआल्या विमानतळावरच पर्यटकांचं सिम घ्या. पासपोर्ट दाखवावा लागतो.

घाई नसेल तर रेल्वे. कोलंबो फोर्टहून माताराकडे जाणाऱ्या गाड्या वेलिगामाला थांबतात. जाताना उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्याच बाजूला आहे आणि काही ठिकाणी लाटेचे तुषार डब्यापर्यंत येतील इतका जवळ. तिकीट अगदी स्वस्त. पण संध्याकाळी कचेऱ्या सुटायच्या वेळी फोर्टला मुंबईच्या लोकलसारखीच गर्दी असते, बॅगा घेऊन त्यात पडू नका. सकाळची गाडी घ्या.

स्टेशनवर उतरलात की एखादा रिक्षावाला सांगेल, तुमचं हॉटेल बंद पडलंय, मी चांगलं दाखवतो. हसून नाही म्हणा आणि पिकमी (तिथलं रिक्षा-टॅक्सीचं ॲप) किंवा उबरवर भाडं बघून मगच बसा.

६. पैसे

२०२५ मध्ये एका भारतीय रुपयाला साडेतीनच्या आसपास श्रीलंकन रुपये पडत होते. फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत आपलं यूपीआय चालतं; लंकाक्यूआर या तिथल्या क्यूआर-कोडचा फलक असलेल्या दुकानात स्कॅन करून बघा. मात्र सर्फ शिकवणारा, रिक्षा, नारळपाणी आणि भाजीवाली यांना रोखच लागते. एटीएममधून पाच हजारांच्या नोटा येतात, त्या पेट्रोलपंपावर किंवा सुपरमार्केटमध्ये मोडून ठेवा.

७. पहिला धडा

पोहायला येत नसेल तर निघण्याआधी दोन महिने तरणतलावाची शिकवणी लावा. धडा कमरेएवढ्या पाण्यात होतो हे खरं, पण समुद्रात कमरेएवढं पाणी पुढच्या लाटेला गळ्याएवढं होतं. विहिरीत पोहायला शिकलेल्यांनीही समुद्राच्या ओढीची सवय वेगळी करावी.

शिकवणारा निवडताना तीन गोष्टी बघा. इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशनचं प्रशिक्षण झालंय का. एका शिक्षकामागे विद्यार्थी किती. दोनच्या वर असतील तर तुमच्या वाट्याला फार कमी लाटा येतात. आणि तो आधी वाळूवर शिकवतो का. वाळूवर एक मिनिट घालवून थेट पाण्यात नेणाऱ्याकडे जाऊ नका.

वाळूवरचा धडा असा असतो. बोर्डाच्या मधल्या रेषेवर पालथं झोपायचं, पायाची बोटं मागच्या टोकाला. तळवे बरगड्यांच्या बाजूला, कोपर अंगाशी. इशारा झाला की हातांनी छाती उचलायची, मागचा पाय आडवा टेकवायचा, पुढचा पाय दोन हातांच्या मध्ये आणायचा आणि गुडघे वाकवूनच उभं राहायचं. नजर समोर, एखाद्या झाडावर किंवा घराच्या छपरावर. पायाकडे बघितलं की पडलातच. शिक्षक हे दहा वेळा सांगतो आणि तरी प्रत्येक जण पायाकडेच बघतो. ही हालचाल वाळूवर वीस-पंचवीस वेळा करा. दमछाक होते, पण पाण्यात विचार करायला वेळ नसतो, शरीराला आठवावं लागतं.

पाण्यात सुरुवातीला शिक्षक फुटून आलेल्या फेसाळ लाटेत बोर्ड ढकलतो. तुम्ही फक्त उठायचं. लाटा वाया गेल्या तर जाऊ द्या; लहान मुलं पटकन उठतात, मोठ्यांना वेळ लागतो.

काही नियम मात्र पाठ हवेत. बोर्ड कधीही तुमच्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये आडवा धरू नका, लाट तो सरळ पोटावर किंवा तोंडावर आणते. बोर्ड बाजूला, पुढचं टोक लाटेकडे. लीश, म्हणजे बोर्ड पायाशी बांधून ठेवणारी दोरी, मागच्या पायाच्या घोट्याला. पडताना सूर मारू नका, आडवं, पसरट पडा. वर येताना दोन्ही हात डोक्यावर घ्या, कारण तुमचा किंवा दुसऱ्याचा बोर्ड वर असू शकतो. वेलिगामात जखमा होतात त्या लाटेने कमी, बोर्डाने जास्त. एका लाटेवर एकच माणूस, आणि लाट जिथे फुटते आहे त्याच्या सगळ्यात जवळ असलेल्याचा तिच्यावर पहिला हक्क. दुसऱ्याच्या पुढ्यात घुसलात तर सरळ माफी मागा, लोक लगेच निवळतात.

पाणी आत ओढतंय असं वाटलं तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. बोर्ड धरून ठेवा, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि हात वर करून मदत मागा. बोर्ड सोडायचा नाही, तो तुम्हाला तरंगत ठेवतो.

अंगात लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट सदरा, आणि खाली गुडघ्यापर्यंत घट्ट चड्डी किंवा लेगिंग. सुती टी-शर्ट भिजून जड होतो आणि काखेत, पोटावर सोलपटतं. सनस्क्रीन नाकाला लावायचं सगळ्यांना आठवतं, पोटऱ्यांच्या मागच्या बाजूला लावायचं कोणालाच नाही. तुम्ही तासन्तास पालथे असता, म्हणून तीच जागा भाजते. अंगठ्या, मंगळसूत्र, कानातलं खोलीवर ठेवा. पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळत नाही. चष्म्याला मागून पट्टा बांधा.

वेळ सकाळची. सव्वासहा-साडेसहाला उजाडतं, तेव्हा पाण्यात असा. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि लाट विस्कटते.

खडक किंवा प्रवाळ लागलं तर जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने नीट धुवा, कण राहू देऊ नका, आणि बरी होईपर्यंत समुद्रात जाऊ नका. उष्ण दमट हवेत ती चटकन चिघळते. गंभीर काही झालं तर १९९० वर फोन करा. ही मोफत रुग्णवाहिका सेवा २०१६ मध्ये भारताच्या अर्थसाहाय्याने सुरू झाली. दक्षिणेतलं मोठं सरकारी रुग्णालय गॉलजवळ करापिटियाला आहे. पर्यटक पोलिसांचा क्रमांक १९१२.

८. जेवण, आणि शाकाहाऱ्यांसाठी खास

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. भात आणि चार-पाच भाज्या, नारळाच्या दुधातली डाळ म्हणजे परिप्पू, फणसाची भाजी, अप्पम म्हणजे हॉपर्स, शेवयांसारखे इंडिआप्पे, खोवलेल्या नारळाची पोल सांबोल. पण त्या सांबोलमध्ये आणि पुष्कळदा भाजीतही उम्बलकड असते, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा. 'व्हेजिटेरियन' म्हटलं तरी ती पडते, कारण स्वयंपाक करणाऱ्याला तो मसालाच वाटतो. म्हणून नुसतं शाकाहारी म्हणू नका, 'उम्बलकड एपा' म्हणा, म्हणजे उम्बलकड नको. सांबोल त्याच्याशिवाय ताजी कुटून देतात. जैन मंडळींनी कांदा-लसणाबद्दल हॉटेलला दोन दिवस आधी कळवावं.

मासे खाणाऱ्यांनी अंबुल तियल सोडू नये. कुपा माशाच्या जातीतल्या माशांचे तुकडे गोरक्याच्या दाट आंबट लेपात रस आटेपर्यंत शिजवतात. गोरका हा आपल्या कोकमाचाच भाईबंद, त्यामुळे मालवणी जिभेला पहिल्या घासातच ओळख पटते. जेवणानंतर मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितुल माडाचा काकवीसारखा पाक मागा.

हॉटेलात न्याहारीला टोस्ट-अंडी आपोआप येतात. श्रीलंकन न्याहारी हवी तर आदल्या संध्याकाळी सांगावी लागते. सांगाच.

९. हिंडणं

स्कूटर देणारा परवाना विचारत नाही, पण पोलीस विचारतात. भारतीय परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही असले, तरी श्रीलंकेत चालवण्यासाठी तिथल्या ऑटोमोबाइल असोसिएशनची मान्यता घ्यावी लागते. ती नसताना अपघात झाला तर विमा हात वर करतो. शिवाय महामार्गावरच्या बस कोणाला जुमानत नाहीत. मी रिक्षानेच फिरते आणि तुम्हालाही तेच सांगेन.

दुपारी लाट नसते, तेव्हा गॉलचा किल्ला बघा. मूळ पोर्तुगिजांचा, पुढे सतराव्या शतकात डचांनी बांधून काढलेला. १९८८ पासून जागतिक वारसा. तटावरून क्रिकेटचं मैदान दिसतं. वेलिगामात कुष्टराजगल ही खडकात कोरलेली बोधिसत्त्वाची मूर्ती आहे. कुष्ठ झालेला राजा इथे नारळपाण्याने बरा झाला, अशी आख्यायिका सांगतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका आणि देवळात खांदे-गुडघे झाका. कोग्गलाजवळ समुद्रात काठीवर बसून मासे धरणारे दिसतील. फोटो काढलात तर ते पैसे मागतात, आणि ते रास्त आहे. आधी ठरवा, मग काढा.

मिरिस्साहून देवमासे बघायला जायचं तर उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्या. जी बोट माशांचा पाठलाग करणार नाही, दुरून दाखवेल, अशी निवडा. भाव कमी म्हणून घुसखोर बोटीत बसू नका. निळा देवमासा हा पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी आहे, तो दुरूनही मोठाच दिसतो.

१०. परतीचा दिवस

त्या दिवशी सकाळचं सर्फिंग ठेवायचंच असेल तर विमान रात्रीचं घ्या. ओले कपडे न वाळता बॅगेत गेले तर मुंबईपर्यंत वास येतो, म्हणून आदल्या दिवशीच एक जोडी धुऊन वाळवून घ्या. भाड्याचा बोर्ड परत करताना तो घेताना काढलेले फोटो जवळ ठेवा. बोर्डावरची जुनी खोक तुमच्या नावावर लागू नये यासाठी ते पहिल्या दिवशीच काढायचे असतात. विमानाच्या वेळेआधी किमान सात तास वेलिगामा सोडा. उरलेले श्रीलंकन रुपये विमानतळावर, आत शिरण्याआधीच बदलून घ्या, आणि बदलल्याची पावती मागतात म्हणून पहिल्या दिवशीची पावती पासपोर्टमध्येच ठेवलेली बरी.